हवा, टायर आणि आमची डिझेलची वही

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे एका बचत गटातल्या दहाजणी. माइकसमोर एकच बसली आहे, पण बोलणं दहाजणींनी मिळून लिहिलंय. म्हणून सगळीकडे 'आम्ही' असंच ऐकू येईल.

आजचा विषय आहे टायर. हसू नका. लोणचं, पापड, कर्जाचे हप्ते, मुलींचं शिक्षण यावर आपण पुष्कळ बोलतो. टायर म्हटलं की आपण म्हणतो, ते पुरुषांचं काम. आम्हीही तसंच म्हणत होतो. त्यापायी आमचे पैसे गेलेच, पण एका चांगल्या पोराला आम्ही जवळजवळ चोर ठरवलं होतं. तीच गोष्ट आधी सांगतो, मग टायर कसा निवडायचा ते सांगतो.

आमचं गाव रस्त्यावरचं. एका अंगाला हिंगोली, दुसऱ्या अंगाला वाशीम. इकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. जवळून पैनगंगा वाहते, रेल्वेचं स्टेशन आहे, आणि अकोला-नांदेड महामार्गावर रात्रंदिवस गाड्या चालू असतात. माल न्यायला दोन्हीकडे बाजार. म्हणून गटाने कर्ज काढून जुना छोटा टेम्पो घेतला. लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात, तसा. हळदीच्या दिवसांत हळद, एरवी भाजी, डाळ, आमचे पापड-कुरडया, आणि रिकामा असेल तेव्हा भाड्याने. चालवायला गटातल्याच एका काकूंचा पुतण्या ठेवला. पोरगा शांत, व्यसन नाही, पहाटे चारला बोलावलं तरी हजर.

डिझेलचा हिशेब आम्ही वहीत लिहितो. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर टाकलं, किती रुपये. महिन्याच्या शेवटी भागाकार करायचा. टेम्पो लिटरला १६ किलोमीटर जायचा. चार-सहा महिने हा आकडा थोडाफार इकडे-तिकडे, पण १६ च्या आसपास.

एका पावसाळ्यात मागचे दोन टायर अगदी गोटा झाले, म्हणून बदलले. त्यानंतरच्या महिन्यात भागाकार केला तर आला १४.४. चुकलं असेल म्हणून पुन्हा केला. तेच. आमचा टेम्पो महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर फिरतो. म्हणजे आधी ९४ लिटर लागायचं, तिथे आता १०४ लागलं. दहा लिटर डिझेल गेलं कुठं?

मैत्रिणींनो, घरात दूध कमी झालं की आपण आधी मांजरीकडे बघतो. तसंच झालं. बैठकीत कुणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांची नजर ड्रायव्हरच्या काकूंकडे गेली. एक जण हळूच म्हणाली, "नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज वाढायला पाहिजे, कमी कसं होईल? कुणी डिझेल काढून तर विकत नाही ना?" काकूंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पोरगा आला, चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "काकू, तुमचा विश्वास नसेल तर मी गाडी चालवत नाही."

चावी ठेवून तो गेला. आमचा टेम्पो उभा राहिला. आणि दोन दिवसांनी भाजीची फेरी होती.

आमच्यातल्या थोरल्या ताई मात्र म्हणाल्या, "चोर ठरवायच्या आधी गाडी तरी बघा." आम्ही पाचजणी टेम्पो दुसऱ्याकडून चालवून घेऊन नाक्यावरच्या पंक्चर काढणाऱ्या चाचांकडे गेलो. चाचांनी डिझेलची टाकी बघितली नाही, इंजिन बघितलं नाही. ते खाली वाकले आणि मागच्या टायरला हात लावला. मग आम्हाला म्हणाले, "लावा हात." आम्ही लावला. टायर चांगलाच तापलेला होता. गाडी तर जेमतेम चार किलोमीटर आली होती. चाचा म्हणाले, "ताई, तुमचं डिझेल इथं जळतंय."

त्यांचं म्हणणं तेव्हा अर्धंच कळलं. पुढे विचारून, वाचून, करून बघून जे समजलं ते तुमच्या-आमच्या भाषेत सांगतो.

पोरांचा रबरी चेंडू जमिनीवर टाका. तो उसळतो, पण टाकला तेवढा वर येत नाही. दाबला जाताना त्याने जेवढा जोर खाल्ला, तेवढा परत देत नाही. थोडा जोर रबराच्या आतच राहतो आणि त्याची उष्णता होते. टायरचंही तसंच आहे. गाडीच्या वजनाने टायरचा खालचा भाग चपटा होतो. चाक फिरलं की तो भाग वर जाऊन पुन्हा गोल होतो आणि दुसरा भाग दाबला जातो. मिनिटाला शेकडो वेळा हे चालतं. दर वेळी थोडा जोर रबर खातं आणि तापतं. तो जोर येतो इंजिनातून, म्हणजे डिझेलमधून, म्हणजे आपल्या कनवटीतून.

चाक फिरताना होणाऱ्या या अडथळ्याला दुकानदार 'रोलिंग रेझिस्टन्स' म्हणतात. हा अडथळा ज्यात कमी, तो 'लो रोलिंग रेझिस्टन्स' टायर. आम्ही त्याला 'हलक्या चालीचा टायर' म्हणतो.

तुम्ही म्हणाल, मग लोखंडाचंच चाक बरं, ते दबतच नाही. बरोबर आहे, पण रुळावर. आमच्या स्टेशनावरून अकोला-पूर्णा मार्गाची रेल्वे जाते. तिचं चाक पोलादी, रूळही पोलादी. दोघंही फारसे दबत नाहीत, म्हणून एकच इंजिन एवढी लांब गाडी ओढून नेतं. पण तेच लोखंड मातीत आणा. आपल्या घरी लोखंडी धावेची बैलगाडी होती, ती आठवा. पावसाळ्यात धाव मातीत रुतायची आणि बैलांची जीभ बाहेर यायची. मग टायरगाडी आली. टायर रुंद, वजन पसरतं, चाक रुतत नाही. त्याच बैलांना तोच माल हलका झाला. बैलाला पुस्तक वाचायला नको, त्याच्या मानेला फरक कळतो. इंजिनाला मान नाही, त्याची मान म्हणजे आपली डिझेलची वही.

आता आमच्या टेम्पोत काय काय निघालं ते ऐका. चार गोष्टी निघाल्या, आणि एकही चोरी नव्हती.

पहिली गोष्ट हवा. चाचांनी मीटर लावून मोजली, तर मागच्या टायरात पाहिजे त्यापेक्षा जवळजवळ पावपट कमी. हवा कमी असली की टायर जास्त चपटा होतो, जास्त दबतो, जास्त तापतो. हवा कुणी कमी केली? पोराला बोलावून विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगितलं होतं." आणि खरंच, आमच्यातल्याच एकीने त्याला सांगितलं होतं, "गाडी फार आदळते, पापड मोडतात, जरा हवा कमी कर." तिला ते आठवलं. आम्ही सगळ्याजणी गप्प बसलो.

दुसरी गोष्ट टायरची जात. जुने टायर रेडियल होते. नवे घेताना आम्ही दुकानात गेलोच नव्हतो. "स्वस्त आणि मजबूत बघून घे" एवढं सांगून पैसे दिले होते. पावसाळा होता, रानातल्या वाटेवर गाडी फसते, म्हणून खोल, आडव्या खाचांचे नायलॉनचे टायर बसले. चिखलात ते चांगले धरतात. पण आमची गाडी महिन्यातून दोन-तीनदा चिखलात जाते, बाकी सगळं डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर. रस्त्यावर ते जाड ठोकळे दर फेऱ्याला वाकतात आणि जोर खातात. शिवाय पुढे रेडियल आणि मागे नायलॉन अशी जोडी करू नये, वळणावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो, असं चाचा म्हणाले. म्हणजे डिझेलच नाही, जिवाचाही प्रश्न होता.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. गुळगुळीत झालेला टायर नव्या टायरपेक्षा हलका चालतो. त्याच्यावर रबरच कमी उरलेलं असतं, मग दबणार काय आणि तापणार काय? म्हणून नवा टायर टाकल्यावर ॲव्हरेज थोडं घटणं हे साहजिक आहे. पण म्हणून गोटा टायर वापरू नका. ओल्या रस्त्यावर तो थांबत नाही आणि उन्हाळ्यात फुटतो. दहा-वीस रुपयांच्या डिझेलसाठी कुणाचं कपाळ फुटायला नको.

चौथी गोष्ट मीटर. टायर झिजला की चाक लहान होतं. लहान चाकाला तेवढंच अंतर जायला जास्त फेरे मारावे लागतात, आणि मीटर फेरे मोजतं. आमच्या टेम्पोएवढ्या चाकाला पूर्ण झिजेपर्यंत शंभरात दोन किलोमीटरचा फरक पडतो. म्हणजे जुन्या टायरांवर आम्हाला जो १६ चा आकडा दिसत होता, तो खरं म्हणजे पावणेसोळाच्या आत होता.

हे सगळं कळल्यावर आम्ही पोराच्या घरी गेलो. दहाजणी गेलो, कारण संशय दहाजणींनी घेतला होता. थोरल्या ताईंनी चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाळा, आम्ही चुकलो. वही खरी होती, आमचं वाचणं चुकलं." त्याने चावी घेतली. एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी आधी विचारा, काकू." तो दुसऱ्या दिवसापासून कामावर आला. पण त्याच्या काकू पुढे दोन-तीन बैठकांना फारशा बोलल्या नाहीत, हेही सांगायला हवं. वहीतली चूक खोडता येते, मनातली लवकर खोडता येत नाही.

आता आम्ही काय केलं ते आकड्यांत सांगतो.

आधी फक्त हवा नीट केली. टायर तेच. महिनाभर टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब ठेवला. आकडा १४.४ वरून १५ वर आला. मग ते नायलॉनचे टायर एका टेम्पोवाल्याला विकले. त्याची गाडी कायम कच्च्या वाटेवर असते, त्याला ते कामाचे होते. आम्हाला त्यात १,५०० रुपयांचा तोटा झाला. नवे रेडियल घेतले, हलक्या चालीचे. आकडा १५.५ झाला. १६ पुन्हा आला नाही आणि आम्ही आता त्याची वाटही बघत नाही.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. हवेने महिन्याला चार लिटर वाचवले. टायरने तीन लिटर. हवेला खर्च जवळजवळ शून्य. म्हणून आमचं पहिलं सांगणं हेच, की महाग टायर घेण्याआधी आहे त्या टायरात हवा नीट भरा. हवा कमी असेल तर जगातला सगळ्यात भारी टायरही डिझेल खाणारच.

हवा किती भरायची? पंक्चरवाल्याला विचारायचं नाही आणि अंदाजाने बूट मारून बघायचं नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळ पट्टी चिकटवलेली असते किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुढची किती, मागची किती, रिकामी असताना किती, भरलेली असताना किती. टायर थंड असताना मोजायची, म्हणजे सकाळी गाडी निघायच्या आधी. चालून तापलेल्या टायरात हवा फुगते आणि मीटर जास्त दाखवतं. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावी लागते, तिथे मागून घ्या. आम्ही गटासाठी हवा मोजायचं एक छोटं मीटर घेतलंय. दर सोमवारी सकाळी मोजतो, स्टेपनीसकट.

आपल्याकडे एक समज आहे, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाही तर टायर फुटतो. हे उलटं आहे. मे महिन्यात आधीच रस्ता तापलेला, त्यात कमी हवेचा टायर आतून तापतो आणि फुटतो तो त्यामुळेच. जास्त हवाही भरू नका. टायरचा मधलाच भाग रस्त्याला लागतो, मधेच झिजतो आणि पकड कमी होते. पट्टीवर लिहिलंय तेवढीच. आणि पापडाचं म्हणाल, तर आम्ही आता पापडाच्या डब्यांखाली गोणपाटाच्या दोन घड्या टाकतो.

आता टायर निवडायचं. दुकानात आम्ही चौघी गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "मालक कुठे आहेत?" आम्ही म्हटलं, "मालक आम्हीच." मग त्याने स्टूल दिलं. तुम्हीही जाल तेव्हा एवढ्या गोष्टी बघा.

एक, आकार. टायरच्या बाजूला लिहिलेला असतो, समजा '१४५ आर १२'. मधलं 'आर' म्हणजे रेडियल. तिथे 'डी' किंवा आडवी रेघ असेल तर बहुधा नायलॉनचा. रेडियलची बाजू मऊ असते आणि रस्त्याला लागणारा भाग पोलादी तारांच्या पट्ट्यांनी ताठ असतो, म्हणून तो नायलॉनपेक्षा हलका चालतो. रस्त्यावर जास्त फिरणाऱ्या गाडीला रेडियल. सतत दगड-चिखलात असणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

दोन, वजन. टायर किती वजन पेलतो याचा आकडाही त्यावर असतो. मालगाडीला कारचा टायर स्वस्त मिळाला तरी टाकायचा नाही.

तीन, नक्षी. रस्त्यासाठी सरळ, लांब खाचांचा टायर हलका चालतो. आडव्या, खोल खाचांचा चिखलात चालतो. आपली गाडी वर्षातले किती दिवस कुठे असते, ते वहीत बघून ठरवा. एका दिवसाच्या चिखलासाठी वर्षभर डिझेल जाळू नका.

चार, रबर. टायर काळा का असतो माहीत आहे? त्यात काजळी असते. आपण दिव्यावर धरतो तशीच, कारखान्यात केलेली. तिने रबर टणक आणि टिकाऊ होतं. १९९२ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने या काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका घालून कमी डिझेल खाणारा टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ, बारीक केलेला. त्यामुळे रबर दबताना कमी तापतं आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकते. पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी हा मार्ग धरला. 'इको', 'फ्युएल सेव्हर' अशा नावांचे टायर दुकानात दिसतात. पण नावावर जाऊ नका. नाव कुणीही ठेवतं. छाप बघा.

पाच, म्हणजे हा छापच. युरोपात २०१२ पासून टायरवर चिठ्ठी लावावी लागते. त्यावर तीन गोष्टी असतात. इंधन किती खाईल, ओल्या रस्त्यावर किती पकडेल, आवाज किती करेल. आपल्याकडे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये कार, बस आणि मालगाड्यांच्या टायरांसाठी याच तीन गोष्टींचे नियम जाहीर केले. त्यामागचं मानक आपल्या पुण्यातल्या एआरएआय या संस्थेने प्रसिद्ध केलेलं आहे. आणि फ्रीजवर, पंख्यावर तारे देणारी केंद्राची जी ऊर्जा दक्षता ब्युरो आहे, तिची टायरसाठीही ताऱ्यांची योजना आहे. जास्त तारे म्हणजे कमी इंधन. सगळ्या टायरांवर तारे दिसतीलच असं नाही, पण तुम्ही विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदारही माहिती ठेवायला लागतो. आमच्या दुकानदाराने आधी "असलं काही नसतं" म्हटलं, मग कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि अर्ध्या तासाने माहिती दिली.

सहा, ओली पकड. ही डिझेलपेक्षा मोठी गोष्ट. आपली जमीन काळी, भारी. पाऊस पडला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती माती रस्त्यावर येते आणि डांबरावर साबण लावल्यासारखं होतं. हलक्या चालीचा पण ओल्यात घसरणारा टायर स्वस्तातही घेऊ नका. चांगल्या टायरात दोन्ही गुण असतात. दोन्हींचे छाप बघून घ्या. एकच मिळत असेल तर पकड घ्या, डिझेल सोडून द्या.

सात, तारीख. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३२४' लिहिलं असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. फार दिवस दुकानात पडलेला टायर घेऊ नका. रबर म्हातारं होतं, कडक होतं. आणि आयएसआयचा शिक्का बघा.

आठ, रिमोल्ड. जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला. एसटी महामंडळही आपले टायर रिमोल्ड करून वापरतं, पण ते स्वतःच्या प्रकल्पात, तपासून. चांगलं काम असेल तर रिमोल्डमध्ये पैसे वाचतात. रस्त्याकडेला कुणी खाचा कोरून 'नवा' म्हणून विकत असेल, तर हात जोडून पुढे निघा.

आता मुख्य प्रश्न, महाग टायर परवडतो का? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली कारच्या टायरांचा अभ्यास करून सांगितलं, की टायरचा अडथळा दहा टक्क्यांनी कमी झाला तर इंधन एक ते दोन टक्के वाचतं. म्हणजे जादू नाही. कुणी म्हणालं "या टायरने ॲव्हरेज दीडपट होईल", तर तो खोटं बोलतोय. पण थोडं थोडं वाचतं, आणि गाडी जितकी जास्त फिरते तितकं जास्त वाचतं.

आमचा हिशेब ऐका. डिझेल ९० रुपये लिटर धरलं. तीन लिटरपेक्षा थोडं जास्त वाचलं, म्हणजे महिन्याला सुमारे २९० रुपये. दोन रेडियलला नायलॉनपेक्षा १,६०० रुपये जास्त पडले, आणि जुने विकताना १,५०० गेले. एकूण ३,१००. हे फिटायला अकरा महिने. आम्ही पहिल्यांदाच विचारून घेतले असते, तर साडेपाच महिन्यांत फिटले असते. आमच्या न विचारण्याची किंमत साडेपाच महिने. पोराला दुखावलं त्याची किंमत वेगळी.

पण हाच हिशेब घरच्या स्कूटीला लावा. महिन्याला ३०० किलोमीटर, लिटरला ४५. पेट्रोल लागतं सात लिटरच्या आत. त्यात तीन टक्के वाचले तर वीस-बावीस रुपये. त्यासाठी चांगला चालू टायर काढून नवा टाकू नका. स्कूटीला हवा नीट, पकड चांगली, आणि झिजला की वेळेवर बदल, एवढं पुरे. टायर तसाही बदलायची वेळ आली असेल, तेव्हा मात्र हलक्या चालीचा विचारा. रिक्षा, शाळेची गाडी, दुधाचा टेम्पो, रोजच्या भाड्याची गाडी, यांना हा टायर परवडतो. बॅटरीच्या गाडीला तर जास्तच, कारण तिथे एका चार्जिंगमध्ये चार-दोन किलोमीटर जास्त जाणं म्हणजे घरी पोचणं किंवा ढकलणं.

शेवटची तीन कामं, फार सोपी. टायर झिजला का ते बघायचं. खाचेच्या तळाशी मधेमधे छोटे उंचवटे असतात. टायर त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा. चारचाकीला खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. दुसरं, टायर एका बाजूने झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्यायची. तिरकं चाक घासत जातं, रबरही खातं आणि डिझेलही. तिसरं, चाक उचलून हाताने फिरवून बघायचं. ब्रेक चिकटत असेल तर कुठलाही टायर हलका चालणार नाही.

आमच्या वहीत आता दोन नवे रकाने आहेत. एक हवेचा, एक टायर कधी बदलला त्याचा. ते आमचा ड्रायव्हर भरतो आणि त्याखाली त्याची आणि आमच्यातल्या एकीची सही असते. आकडा कमी-जास्त झाला की आम्ही आता "कुणी घेतलं" असं विचारत नाही. आधी "काय बदललं" असं विचारतो. मागच्या महिन्यात आकडा पुन्हा थोडा उतरला होता. काकूंनीच सोमवारच्या हवेचा रकाना काढून दाखवला. पुढचं डावं चाक दर आठवड्याला दोन-दोन पौंड उतरत होतं. व्हॉल्व्ह गळत होता. वीस रुपयांत काम झालं.

तुमच्या घरी, तुमच्या गटात गाडी असेल, तर उद्या सकाळी ती निघायच्या आधी एकदा हवा मोजा. डिझेलचे पैसे आपण देतो, तर टायरचं आपल्याला कळलं पाहिजे.

कनेरगाव नाक्यावरून आम्हा दहाजणींचा आणि आमच्या ड्रायव्हरचा नमस्कार.